२८७ चेंडू अंगावर घेतलेला वकील

“वकील होता गं तो, चांगला वकील! आणि तरी उन्हाळाभर काय करायचा, तर मैदानाच्या कडेला एक पाय वर करून आरोळ्या ठोकायचा.”

काकूंचं बोलणं असं मधूनच सुरू होतं, मागचं-पुढचं आपण जुळवून घ्यायचं. मी अंगणात कोथिंबीर निवडत बसले होते आणि त्या मेंदीच्या कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. पेनसिल्व्हेनियात, स्क्रँटनजवळ लेकाकडे राहून नुकत्याच परत आलेल्या. मला वाटलं, तिथल्या मराठी मंडळींतलीच काही भानगड असणार. कोणाचं कोणाशी फाटलं, कोणाच्या सुनेनं गणपतीला मोदक बाहेरून मागवले.

“कोण हो काकू? तिथल्या मंडळातले कोणी का?”

“मंडळातला कसला! १९२८ साली गेला तो.”

मी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. मेलेल्या माणसाबद्दल काकू इतक्या जिव्हाळ्यानं बोलतात म्हणजे त्याचं काहीतरी खास असणार.

“ह्युई जेनिंग्स,” काकू म्हणाल्या. “बेसबॉल खेळायचा. लेकाच्या शेजारी एक म्हातारे मास्तर राहतात. मला इंग्रजी बोलायला होत नाही, पण ऐकायला येतं, आणि त्यांना ऐकणारं कोणी नव्हतं. जमलं आमचं. त्यांनी कोळशाच्या खाणीपासून सगळी कुळकथा सांगितली. मी खाणीतही जाऊन आले, माहीत आहे? तीनशे फूट खाली! आता तिथे लोकांना दाखवायला गाडीतून नेतात. थंडगार. स्वेटर घालूनही माझे दात वाजत होते.”

“आणि हा जेनिंग्स खाणीत होता?”

“आधी खाणीत नाही, वर. ऐक. पिट्स्टन म्हणून गाव आहे स्क्रँटनच्या अलीकडे. तिथे १८६९ मध्ये जन्मला. आयरिश घर, आईबाप समुद्र ओलांडून आलेले. खाणीतून वर आलेला कोळसा फोडायची एक उंच इमारत असायची. तिच्यात वरून कोळसा घसरत यायचा आणि बारकी पोरं त्या घसरगुंडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसायची. काम एकच, कोळशातून दगड वेचायचे. दिवसाचे दहा-दहा तास. कंबरेत वाकून. हातमोजे घालू द्यायचे नाहीत, का, तर मोज्यांनी दगड चटकन कळत नाही. पहिले काही आठवडे बोटं भिजवलेल्या वालासारखी टम्म फुगायची, कातडी फाटून रक्त यायचं. मग घट्टे पडले की झालं, पोरगा तयार. तशा पोरांचे फोटो लावलेत तिथल्या संग्रहालयात. तोंडं काळी आणि डोळे तेवढे पांढरे. हा अकरा-बारा वर्षांचा असताना त्यांच्यातच होता. तांबडे केस, तोंडभर ठिपके.”

काकूंनी एक चादर झटकली आणि ती दोरीवर टाकताना जरा थांबल्या. “मला त्या मास्तरांनी विचारलं, त्या बोटांनी पुढे चेंडू कसा झेलला असेल? मी म्हटलं, त्या बोटांनीच झेलला असेल.”

हे मात्र मला पटलं. तेव्हाचे मोजेही आजच्यासारखे सुपाएवढे नव्हते. आणि जेनिंग्स खेळायचा तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, जिथे जमिनीलगत सुसाट येणारे फटके सगळ्यात जास्त येतात. आधी आसपासच्या गावच्या संघांतून खेळला, आणि १८९१ मध्ये लुइव्हिलच्या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. खाण सुटली.

“पण खरी गंमत पुढे आहे,” काकू म्हणाल्या. “हा खेळाडू म्हणून गाजला ना, तो आधी भित्रा होता. हो! चेंडू आला की हा मागे सरकायचा. १८९३ मध्ये लुइव्हिलने त्याला बाल्टिमोरला देऊन टाकलं. त्या वर्षीची त्याची फलंदाजी म्हणजे शंभरात अठरा. शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर अठरा वेळा धड फटका. त्यातून त्याच वर्षी चेंडू टाकणाऱ्याची जागा मागे नेलेली, साठ फूट सहा इंचांवर. फलंदाजांची चंगळ झाली होती सगळीकडे, आणि हा आपला अठरावर!”

“मग?”

“मग मॅग्रॉ.”

जॉन मॅग्रॉ हे नाव काकूंनी असं घेतलं की जणू तो आमच्याच गल्लीतला. हाही आयरिश. लहानपणी घशाच्या रोगाने आई आणि भावंडं गेलेली, बापाच्या हातचा मार खाऊन घर सोडलेलं. बाल्टिमोरच्या संघात तिसऱ्या बेसवर मॅग्रॉ आणि शेजारी शॉर्टस्टॉपला जेनिंग्स, दोघे लवकरच जिवाभावाचे झाले. मॅग्रॉ न्यूयॉर्क राज्याच्या एका टोकाला, ॲलेगनी नावाच्या गावात, फ्रान्सिस्कन पाद्रींच्या सेंट बोनाव्हेंचर कॉलेजात हिवाळ्यात जाऊन शिकायचा. पैसे नव्हतेच. त्याने कॉलेजशी सौदा केला, की मी तुमच्या पोरांना बेसबॉल शिकवतो, तुम्ही मला शिकवा. जेनिंग्सलाही त्याने तिथे ओढलं.

“तुला सांगते,” काकू कुंपणावरून वाकून म्हणाल्या, “मला सगळ्यात आवडलं ते हे. ज्यांना देशभर पेपरात नावं येणारे खेळाडू म्हणून ओळखायचे, ते दोघे पोरांबरोबर वर्गात बसायचे. वय पंचविशीचं. वर्गातून उठले की व्यायामशाळेत पोरांना शिकवायचं. कोणी फी माफ केली नव्हती त्यांची. फेडली त्यांनी, हातातल्या कलेने.”

“आणि भित्रेपणा?”

“तो तिथेच गेला. मॅग्रॉने त्याला व्यायामशाळेत भिंतीला पाठ लावून उभा केला. मागे भिंत, पुढून चेंडू. आता सरक म्हणावं मागे! सरकायला जागाच नाही. हिवाळाभर असं चाललं. मला तर ऐकूनच अंगावर काटा आला. मित्र म्हणायचा का वैरी?”

मी म्हटलं, “वैरीच.”

“अगं, पण १८९४ मध्ये शंभरात अठराचे तेहतीसच्या वर झाले. पुढच्या वर्षी अडतीस. आणि १८९६ मध्ये चाळीस! .४०१. शॉर्टस्टॉपवर खेळणाऱ्या माणसाने असं केलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं. ती तिन्ही वर्षं बाल्टिमोर लीगमध्ये पहिलं.”

एवढ्यात घरातून काका बाहेर आले. काका म्हणजे क्रिकेटचे भक्त. बेसबॉलचं नाव निघालं की ते पहिल्यांदा नाक मुरडतात आणि मग दारातच उभे राहून सगळं ऐकतात.

“ते अंगावर घेण्याचं सांगितलंस का तिला?” त्यांनी विचारलं.

“सांगतेय ना! तुम्हाला धीर कुठला.”

मग काकांनीच सांगितलं. क्रिकेटमध्ये चेंडू पायावर लागला तर अंपायरकडे बघून छातीत धडधडतं. बेसबॉलमध्ये उलटं. टाकलेला चेंडू फलंदाजाच्या अंगाला लागला की त्याला पहिला बेस फुकट. पळायला नको, मारायला नको, हळूहळू चालत जायचं. नॅशनल लीगमध्ये हा नियम १८८७ पासून आला. अट एवढीच की चुकवायचा प्रयत्न करायचा, मुद्दाम अंग पुढे करायचं नाही. ते ठरवणार अंपायर.

“आणि तेव्हा अंपायर बहुतेक वेळा एकच असायचा,” काका म्हणाले. “एकट्याने काय काय बघायचं?”

तर मॅग्रॉच्या भिंतीने जेनिंग्सला चेंडूपासून पळू नकोस हे शिकवलं आणि तो त्याच्याही एक पाऊल पुढे गेला. फलंदाजासमोरच्या प्लेटला खेटून उभा राहायचा आणि चेंडू आत आला की जागचा हलायचाच नाही. १८९६ या एकाच मोसमात ५१ वेळा चेंडू अंगावर. १८९४ पासून १८९८ पर्यंतच्या पाच मोसमांत दोनशेच्या वर. सगळ्या कारकिर्दीत २८७. डोक्यावर हेल्मेट नाही, कापडी टोपी. दंडावर, बरगड्यांवर काही नाही, लोकरीचा सदरा.

“मला नाही पटत,” मी म्हणाले. “हे खेळणं झालं का? मार खाऊन मिळवायचं. ही लबाडी झाली.”

“लबाडी!” काकूंनी चिमटा दोरीवर आपटलाच जवळजवळ. “एकावन्न वेळा दगडासारखा चेंडू बरगडीत घे आणि मग मला लबाडी म्हण.”

“नियमात मुद्दाम नको म्हटलंय ना पण.”

“तो म्हणायचाच नाही मुद्दाम. तो म्हणायचा नाही काहीच. उभा राहायचा.”

काका माझ्या बाजूने होते असं वाटतं, कारण ते हळूच म्हणाले, “त्या संघाचं तसं नाव होतंच.” आणि तसं होतं खरं. त्या काळच्या बाल्टिमोरच्या लोकांबद्दल जे किस्से सांगतात त्यांत निम्मं तरी मीठमसाला असेल, पण ऐकायला मजा येते. मैदान राखणारा माणूस रेषेजवळची माती अशी उताराची करायचा म्हणे, की बॅटीने हळूच टेकवलेला चेंडू रेषेबाहेर जाऊ नये. प्लेटच्या पुढची जमीन ठोकून कडक करून ठेवायची, म्हणजे वरून दाणकन खाली मारलेला चेंडू उंच उडेल आणि तो खाली येईपर्यंत हे पहिल्या बेसवर. बाहेरच्या मैदानातलं गवत वाढू द्यायचं आणि त्यात जास्तीचा एखादा चेंडू लपवून ठेवायचा. मॅग्रॉ तर म्हणे, अंपायरची पाठ वळली की तिसऱ्या बेसवरून पळणाऱ्याचा कमरेचा पट्टा मागून धरून ठेवायचा. या सगळ्यांचा सूत्रधार नेड हॅनलन. डोक्याने खेळायचं, एकेक बेस चोरून, खरवडून धाव काढायची, ही त्याची पद्धत, आणि त्याच्या हाताखालून पुढचे कितीतरी मॅनेजर निघाले.

“त्यात ह्युई कुठे होता?” काकू म्हणाल्या. “तो कोणाचा पट्टा धरत नव्हता. तो स्वतःची कातडी देत होता.”

यावर मला बोलायला सुचलं नाही.

“ॲमॉस रुझी म्हणून एक होता न्यूयॉर्कचा,” काका पुढे म्हणाले. “त्याच्याइतका वेगात चेंडू टाकणारा तेव्हा कोणी नव्हता. त्याचा चेंडू याच्या डोक्यात बसला. १८९७ ची गोष्ट.”

“डोक्यात?”

“डोक्यात. आणि हा सामना पुरा खेळला. संपल्यावर कोसळला. त्यानंतर तीन-चार दिवस शुद्ध नव्हती म्हणतात.”

काकूंनी कपाळाला हात लावला, जणू आत्ताच झालं. मला मात्र दुसरंच आठवलं. १९२० मध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन असाच डोक्यात चेंडू लागून दुसऱ्या दिवशी गेला. तोही शॉर्टस्टॉप. म्हणजे जेनिंग्सचं जे झालं त्याला दैव म्हणायचं, दुसरं काही नाही.

“दैव कसलं,” काकू म्हणाल्या, “पुढचं ऐक म्हणजे कळेल. १८९८ मध्ये याचा हात गेला. शॉर्टस्टॉपवरून फेक जाईना. तोवर मालकांनी सगळा डाव फिरवला. एकाच मालकांच्या हातात दोन संघ. बाल्टिमोरचे चांगले चांगले खेळाडू उचलून ब्रुकलिनला नेले. हा गेला. मॅग्रॉ आणि तो यष्टिरक्षक रॉबिन्सन, ते गेले नाहीत.”

“का?”

“त्यांचं बाल्टिमोरमध्ये दुकान होतं ना! डायमंड कॅफे. दारूचा गुत्ता म्हण. चालत होता चांगला. खेळ सोडतील, गल्ला सोडणार नाहीत.” काकूंना हे फार आवडलं होतं. “आणि आमचा ह्युई त्याच वेळी काय करत होता? कायदा शिकायला गेला. कॉर्नेलला.”

कॉर्नेल म्हणजे इथाका, तळ्याकाठच्या टेकडीवरचं मोठं विद्यापीठ. १८९९ च्या सुमाराला तो तिथे कायद्याच्या शाळेत गेला आणि सौदा तोच, सेंट बोनाव्हेंचरचा. मी तुमच्या संघाला शिकवतो. हिवाळ्यात वर्गात कायदा आणि वर्गाबाहेर पोरांची बेसबॉलची तालीम, आणि मग उन्हाळ्यात पैशासाठी स्वतः खेळायचं. ब्रुकलिनला, मग फिलाडेल्फियाला. पुढे बाल्टिमोरच्या छोट्या लीगमधल्या संघाचा मॅनेजर. आज अमेरिकेतल्या कॉलेजांत प्रशिक्षकाला केवढा पगार आणि केवढा मान! तेव्हा बेसबॉलच्या संघाला असा बाहेरून आलेला व्यावसायिक माणूस हिवाळ्यापुरता शिकवायचा आणि लोकांना त्यात वावगं वाटायचं नाही. कॉलेजातल्या पोरांना व्यावसायिक डावपेच शिकायला मिळायचे आणि खाणीतून आलेल्या माणसाला पुस्तकं. मला वाटतं, दोघांत फायदा कोणाचा जास्त झाला हे सांगणं कठीण आहे.

“आणि तिथेच तो तलाव,” काकू म्हणाल्या.

“कुठला तलाव?”

“पोहायचा गं. कॉर्नेलमध्ये. रात्रीची वेळ, अंधार. हा आला, कपडे काढले, आणि काठावरून सूर मारला. डोकं खाली.” काकूंनी दोन्ही हात पुढे करून सूर मारून दाखवला, तेवढ्यात चादर खाली पडली. “आणि तलावात पाणीच नाही! काढून टाकलेलं!”

मी “अगंबाई” म्हटलं खरं, पण मला हसू आवरेना. काका तर दारात मान फिरवून उभे राहिले.

“हसता काय! कवटी फुटली होती त्याची.”

“आणि तरी जगला?”

“जगला, आणि वकीलही झाला. कॉर्नेलची पदवी मात्र शेवटपर्यंत घेतली नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. १९०४ मध्ये सोडलं. पण मेरीलँडमध्ये वकिलीची परीक्षा दिली आणि पास झाला. मग उन्हाळा बेसबॉलचा, हिवाळा स्क्रँटनमध्ये वकिलीचा. जिथे दगड वेचले, तिथून दहा मैलांवर कागद लिहायचा.”

मी विचारलं, “मग डोक्यावर एवढं लागलं असताना कायदा कसा डोक्यात राहिला?”

“मी त्या मास्तरांना हेच विचारलं,” काकू म्हणाल्या. “ते म्हणाले, लागलं ते कवटीला.”

१९०७ मध्ये डेट्रॉइटच्या टायगर्स संघाने जेनिंग्सला मॅनेजर म्हणून बोलावलं. आणि इथे ती आरोळी आली. काकूंनी चादर उचलून पुन्हा दोरीवर टाकली, पदर खोचला आणि कुंपणापासून दोन पावलं मागे सरल्या. मग एक गुडघा वर उचलला, दोन्ही मुठी डोक्यावर नेल्या आणि जोरात ओरडल्या, “ई-या!”

पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

“असा,” त्या म्हणाल्या, धापा टाकत. “तिसऱ्या बेसजवळ उभा राहून. गवत उपटायचा मुठीने आणि हवेत फेकायचा. लोक त्याचं नावच ई-या म्हणायला लागले. कुठे पत्र्याची शिट्टीही वाजवायचा, पण ती लीगने बंद केली.”

“वकील?” मी म्हटलं.

“वकील! फिलाडेल्फियाचा रूब वॅडेल म्हणून चेंडू टाकणारा होता, फार मोठा, पण पोरकट. लहान पोराचं मन. तर हा म्हणे बाजारातून खेळणी आणायचा, रबरी साप वगैरे, आणि त्याला दाखवून दाखवून हैराण करायचा. तो चेंडू टाकायचा सोडून खेळण्याकडे बघत बसायचा.”

“काकू, आता तरी म्हणा लबाडी.”

“ही म्हणते,” काकूंनी मान्य केलं. “ही लबाडी. पण अंगावर घेणं नाही.”

डेट्रॉइटला त्याच्या हाताखाली एक वीस वर्षांचा पोरगा होता, टाय कॉब. हा माणूस म्हणजे साक्षात अंगार. संघातल्या लोकांशी भांडण, बाहेरच्यांशी भांडण. जेनिंग्सने आल्याआल्या याला देऊन टाकायचं ठरवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. १९०७ च्या वसंतात त्याने क्लीव्हलंडला सांगितलं, कॉब घ्या आणि बदल्यात एल्मर फ्लिक द्या. क्लीव्हलंडने नाही म्हटलं. त्यांनाही कटकट नको होती. त्याच वर्षी कॉब लीगमध्ये फलंदाजीत पहिला आला, शंभरात पस्तीस, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याने ती जागा सोडली नाही. क्लीव्हलंडवाल्यांनी नंतर किती वेळा कपाळ बडवलं असेल.

“आणि ह्युईने मग काय केलं,” काकू म्हणाल्या, “तर त्या कॉबला सोडून दिलं. मोकळं. कुठे पळायचं, कधी चोरायचं, ते तूच ठरव. मला वाटतं, शिकवणाऱ्याचं निम्मं काम तेच. कोणाला शिकवायचं नाही हे कळायला पाहिजे.”

पहिली तीनही वर्षं, १९०७, १९०८, १९०९, डेट्रॉइट आपल्या लीगमध्ये पहिलं. आणि तीनही वेळा वर्ल्ड सिरीज हरलं. दोनदा शिकागो कब्जकडून, तिसऱ्यांदा पिट्सबर्गकडून, आणि तीही सातव्या सामन्यापर्यंत जाऊन. पुढे १९२० पर्यंत तो डेट्रॉइटलाच होता, पण पुन्हा कधी पहिला आला नाही.

“दैव देतं आणि कर्म नेतं,” मी म्हणाले.

“कर्म नाही, पिट्सबर्ग,” काका म्हणाले.

मग १९११ चा डिसेंबर. लीहाय नदीवरच्या पुलाजवळ, गोल्ड्सबोरो गावापाशी, हा मोटार चालवत होता आणि मोटार उलटली. दोन्ही पाय, एक हात, आणि परत कवटी. काही दिवस डॉक्टरांना वाटत होतं की हा वाचायचा नाही.

“तिसऱ्यांदा!” काकू म्हणाल्या. “रुझीचा चेंडू, तो कोरडा तलाव, आणि ही मोटार. आणि पुढच्या मे महिन्यात बघ, पुन्हा मैदानावर. पण त्या मेमध्ये जे झालं ना, ते त्या मोटारीपेक्षा वाईट.”

१५ मे १९१२ ला न्यूयॉर्कमध्ये एक प्रेक्षक कॉबला सारखा शिव्या देत होता. कॉब प्रेक्षकांत उडी मारून गेला आणि त्याला मारलं. त्या माणसाचा एक हात कामाच्या ठिकाणी यंत्रात गेला होता, दुसऱ्या हाताची तीन बोटंही नव्हती. लीगने कॉबला खेळायची बंदी केली, कधीपर्यंत ते न सांगता. आणि मग गंमत, जो कॉब त्यांना नकोसा होता, त्याच्याच बाजूने सगळा संघ उभा राहिला. बंदी काढा, नाहीतर आम्ही खेळणार नाही. १८ मे ला फिलाडेल्फियात सामना होता. मालकाने सांगितलं, संघ उतरला नाही तर ५००० डॉलर दंड होईल.

“आता मॅनेजर कोण? ह्युई,” काकू म्हणाल्या. “त्याने फिलाडेल्फियातल्या कॉलेजांतली पोरं, रस्त्यावरची पोरं गोळा केली, डेट्रॉइटचे सदरे घातले आणि मैदानात सोडली. आणि चेंडू टाकायला कोण? सेंट जोसेफ कॉलेजातला एक विद्यार्थी, ॲलन ट्रॅव्हर्स. पुढे पाद्री झाला तो.”

“आणि स्कोअर?”

“२४ विरुद्ध २,” काका म्हणाले. “त्या पोराने सगळा सामना टाकला. सगळे चोवीस त्याच्यावरच.”

“पुढे कित्येक वर्षं प्रवचनं दिली असतील,” काकू म्हणाल्या, “पण लोकांनी विचारलं असेल तेच, त्या चोवीसांचं काय झालं, फादर?”

मी म्हणाले, “आणि ह्युई? तो काय करत होता?”

“तोही उतरला! बॅट घेऊन. त्रेचाळीस वर्षांचा, डिसेंबरात पाय मोडलेला. एकदा. चेंडू अंगावर घेतला का ते मला मास्तरांनी नाही सांगितलं.” काकूंनी चिमट्यांची टोपली उचलली. “सामना संपल्यावर कॉबनेच बाकीच्यांना सांगितलं, जा, खेळा. मग खेळले. शंभर-शंभर डॉलर दंड झाला प्रत्येकाला.”

डेट्रॉइट सोडल्यावर तो १९२१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सला गेला, मॅनेजर म्हणून नाही, तिथल्या मॅनेजरचा, मॅग्रॉचा, मदतनीस म्हणून. ज्याने भिंतीला पाठ लावून उभं केलं होतं, त्याच्याकडे. मॅग्रॉ आजारी असला की संघ हा सांभाळायचा, आणि १९२४ पर्यंत जायंट्स दरवर्षी लीगमध्ये पहिले. मग याचीच तब्येत ढासळली आणि १ फेब्रुवारी १९२८ ला स्क्रँटनमध्ये मेंदूज्वराने गेला. अठ्ठावन्न वर्षांचा. १९४५ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव गेलं.

“आणि त्याला पुरलं कुठे, विचार,” काकू म्हणाल्या.

“कुठे?”

“मॉस्कोला!”

“मॉस्कोला?”

“पेनसिल्व्हेनियातल्या. स्क्रँटनच्या पलीकडे गाव आहे मॉस्को नावाचं. लेक मला म्हणाला, चल आई, मॉस्कोला जाऊन येऊ. मी म्हटलं, मला व्हिसा नाही.” त्या स्वतःच खळखळून हसल्या. “जाऊन आलो. साधीच जागा आहे. आणि तिकडे सेंट बोनाव्हेंचर कॉलेजच्या मैदानाचं नावच मॅग्रॉ-जेनिंग्स ठेवलंय. फीच्या बदल्यात शिकवणाऱ्या दोघांचं.”

“पण त्या २८७ चं काय झालं?” मी विचारलं. मला अजून तेच टोचत होतं. “कोणी मोडलं असेल आता.”

काका दारातून पायरीवर आले. हा प्रश्न त्यांचाच होता. “एका मोसमातले ५१ मोडायला १९७१ मध्ये एक जण निघाला होता, माँट्रिअलचा रॉन हंट. पन्नासावर थांबला.”

“एकाने!”

“एकाने. आणि सगळ्या कारकिर्दीचे मोडायला ह्यूस्टनचा क्रेग बिजिओ निघाला. कोपराला हे एवढं जाड कवच बांधून उभा राहायचा. लागलं तरी काय, कवचाला. २००७ मध्ये निवृत्त झाला तेव्हा २८५.”

“बघ!” काकू म्हणाल्या. “कवच घालूनसुद्धा दोनने कमी पडला.”

“बरोबरी करायला दोन,” काका म्हणाले. “मोडायला तीन लागले असते.”